संगणक नेमकी कोणती प्रत वाचतो?

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर ओळखीचे चित्र उमटेपर्यंत जे काही सेकंद जातात, तेवढ्या वेळात चार-पाच आज्ञावल्या एकमेकींच्या हाती कारभार सोपवत असतात. सर्वप्रथम फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमची साठवलेली आज्ञावली, जागी होते आणि मेमरी, कीबोर्ड व डिस्क जागच्या जागी आहेत की नाहीत याची पाहणी करते. त्यानंतर ती डिस्कवरील एका ठरलेल्या जागेवरून बूटलोडर उचलते. बूटलोडर हा आकाराने लहान कार्यक्रम असून ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो डिस्कवर शोधणे, मेमरीत आणून ठेवणे आणि त्याच्याकडे कारभार देऊन बाजूला होणे एवढेच त्याचे काम असते. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत हे काम ‘ग्रब’ करतो, तर विंडोजमध्ये ‘बूट मॅनेजर’ करतो. वर्षानुवर्षे संगणक वापरणाऱ्यांनाही या कार्यक्रमाचे नाव ठाऊक नसते, आणि ते प्रथम कानावर पडते तेव्हा बहुधा आदल्या रात्री अपडेट झालेला असतो व सकाळी काळ्या पडद्यावर दोन ओळींचा संदेश उभा असतो.

अपडेटनंतर येणाऱ्या या बिघाडाविषयी सर्वसाधारण समजूत अशी असते की अपडेटने काहीतरी पुसले किंवा डिस्क खराब झाली. प्रत्यक्ष दुरुस्तीच्या कामात या दोन्ही गोष्टी क्वचितच आढळतात. बूटलोडर एका जागी नसतो. त्याचे तुकडे दोन-तीन ठिकाणी असतात, आणि अपडेट त्यांपैकी ज्या तुकड्यापर्यंत पोहोचतो तोच तुकडा सुरू होताना वाचला जाईल याची खात्री नसते. एका ठिकाणची प्रत नवी झाली व दुसऱ्या ठिकाणची जुनी राहिली, की दोन्ही प्रती आपापल्या जागी निर्दोष असूनही त्यांचे एकमेकींशी जुळत नाही. या दुरुस्तीतला कळीचा प्रश्न त्यामुळे ‘काय बिघडले’ हा नसून ‘हे यंत्र सुरू होताना नेमकी कोणती प्रत वाचते’ हा असतो, आणि त्याचे उत्तर हाती येण्याआधी डिस्कवर एक अक्षरही लिहू नये, असे या कामाचा अनुभव सांगतो.

ही विभागणी कशी झाली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात १९८३ साली हार्ड डिस्क आली, तेव्हा डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरला, म्हणजे ५१२ बाइटांच्या पहिल्या कप्प्याला, ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ हे स्थान मिळाले. या ५१२ बाइटांपैकी शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी, त्याआधीचे ६४ बाइट डिस्कचे चार भाग, म्हणजे पार्टिशने, कुठे सुरू होतात व कुठे संपतात याच्या तक्त्यासाठी, आणि उरलेले ४४६ बाइट आज्ञांसाठी असतात. मराठीतील दीडशे अक्षरेही एवढ्या जागेत धड मावत नाहीत. ग्रबचा पहिला तुकडा या ४४६ बाइटांत बसवलेला असल्यामुळे त्याला फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, हे काहीच कळत नाही. त्याला फक्त डिस्कवरच्या एका सेक्टरचा क्रमांक पाठ असतो. त्या क्रमांकावर ग्रबचा दुसरा तुकडा, म्हणजे त्याचा गाभा, असतो आणि तो पहिला सेक्टर संपल्यानंतर व पहिले पार्टिशन सुरू होण्याआधी जी मोकळी पट्टी राहते तिच्यात ठेवलेला असतो. जुन्या डिस्कांत ही पट्टी जेमतेम ३१ किलोबाइटांची असे, तर अलीकडे पहिले पार्टिशन १ मेगाबाइटाच्या अंतरावर सुरू करण्याची रीत असल्यामुळे तिथे ऐसपैस जागा मिळते. फाइलव्यवस्था वाचता येते ती या दुसऱ्या तुकड्याला, आणि तो तिसरा तुकडा, म्हणजे ‘बूट’ या फोल्डरमध्ये साध्या फाइलींच्या रूपात असलेली ग्रबची मॉड्यूल्स, एकेक करून उचलतो.

या तीन तुकड्यांपैकी तिसरा तेवढा फाइलींच्या यादीत दिसतो. पहिले दोन कोणत्याही फोल्डरमध्ये दिसत नाहीत, फाइलींची नक्कल घेताना सोबत येत नाहीत आणि त्यांची तारीखही सहज पाहता येत नाही. तरीही तिन्ही एकाच घडणीचे असणे अपरिहार्य असते, कारण गाभ्यात जे नाही ते मॉड्यूलने मागितले तर पुढचे सगळे तिथेच थांबते.

हे नेमके कसे घडते, याचा अनुभव २०२० सालच्या एका सुरक्षा-अपडेटने जगभरच्या अनेकांना दिला. ग्रब आपली मांडणीची फाइल वाचताना एक गंभीर चूक करतो व तिचा फायदा घेऊन सुरक्षित बूटची, म्हणजे फक्त ओळखीची सही असलेलाच बूटलोडर उघडू देणाऱ्या व्यवस्थेची, तपासणी चुकवता येते, हे २९ जुलै २०२० रोजी जाहीर झाले आणि त्या दोषाला ‘बूटहोल’ हे नाव मिळाले. दुरुस्ती करताना ग्रबच्या गाभ्यात मेमरी राखून ठेवण्यासाठी ‘ग्रब_कॅलॉक’ नावाचे एक नवे फंक्शन घालण्यात आले, आणि मॉड्यूल्स त्या फंक्शनवर विसंबू लागली. दुरुस्ती योग्य होती व तातडीची होती. मात्र ज्या यंत्रांत अपडेटने मॉड्यूल्स बदलली परंतु सुरू होताना वाचला जाणारा गाभा जुनाच राहिला, ती यंत्रे पुढच्या वेळी उघडलीच नाहीत.

टाळेबंदीनंतर २०२१च्या सुरुवातीला महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा पुन्हा उघडू लागल्या, त्या वेळी एका तंत्रनिकेतनाच्या संगणक-प्रयोगशाळेत हे प्रकरण ज्या क्रमाने उलगडले तो क्रम तपशिलाने सांगण्याजोगा आहे. जवळजवळ वर्षभर मुख्य स्विच बंद राहिल्याने बहुतेक मदरबोर्डांवरचे सेल उतरले होते. हा नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा सेल फर्मवेअरची सेटिंग व घड्याळ जिवंत ठेवतो. यंत्राला भिंतीवरच्या बोर्डातून वीज मिळत असते तोवर त्याच्यावर फारसा भार पडत नाही, परंतु ती कायमची तोडली की सगळा भार त्याच्यावर येतो. परिणामी पहिल्या दिवशी संगणक उघडले ते दहा वर्षांपूर्वीची तारीख दाखवत. लिनक्सवर अपडेट घ्यायला गेल्यावर वितरणाच्या भांडाराने ‘ही यादी अजून वैध झालेली नाही’ अशी हरकत घेतली, कारण यंत्राच्या घड्याळाप्रमाणे ती यादी भविष्यात तयार झालेली होती. सेल बदलले, तारखा लावल्या, आणि साठलेले सगळे अपडेट एकाच दुपारी घेतले गेले. संगणक बंद करून कुलूप लावले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी काही यंत्रे नीट उघडली व काहींच्या पडद्यावर ‘ग्रब_कॅलॉक’ हे नाव सापडत नसल्याची ओळ आणि तिच्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ हे शब्द एवढेच राहिले.

‘ग्रब रेस्क्यू’ ही ग्रबच्या गाभ्याची अगदी अल्प अवस्था असते. मॉड्यूल्स उचलता आली नाहीत की गाभा स्वतःच्या बळावर जेवढ्या आज्ञा पाळू शकतो तेवढ्याच तिथे चालतात. ‘एलएस’ ही आज्ञा दिली की दिसणाऱ्या डिस्क व त्यांवरची पार्टिशने कंसांत ओळीने उमटतात. पार्टिशनांचे क्रमांक बदलल्यामुळे जो बिघाड होतो त्यात येथूनच मार्ग निघतो: योग्य पार्टिशन शोधावे, ग्रबचे फोल्डर कुठे आहे ते ‘प्रीफिक्स’ या नावाने सांगावे, ‘नॉर्मल’ हे मॉड्यूल उचलावे, की नेहमीची यादी समोर येते. या प्रयोगशाळेत तो मार्ग चालला नाही. डिस्क दिसत होत्या, फोल्डर दिसत होते, मॉड्यूलची फाइल जागेवर होती, आणि ती उचलण्याची आज्ञा दिली की पुन्हा त्याच नावाची तक्रार येत होती. मात्र फाइल असूनही ती उचलता येत नाही, या एका निरीक्षणाने निदानाची दिशा ठरली. हरवलेले काहीच नव्हते. गाभा व मॉड्यूल वेगवेगळ्या काळचे होते.

आता गाभा जुना का राहिला, हे शोधायचे होते, आणि त्याचे उत्तर यंत्रांच्या इतिहासात होते. न उघडलेल्या सर्व यंत्रांत दोन डिस्क होत्या. टाळेबंदीच्या आदल्या वर्षी वेग वाढवण्यासाठी या यंत्रांना लहान एसएसडी बसवून जुन्या हार्ड डिस्कवरची लिनक्स प्रणाली जशीच्या तशी त्यांवर उतरवली होती, आणि हार्ड डिस्क मोकळी करून विद्यार्थ्यांच्या फाइलींसाठी ठेवली होती. डेबियन व उबुंटू या वितरणांत ग्रबचे पॅकेज आपल्याला कोणत्या डिस्कच्या आरंभी बसायचे आहे याची नोंद स्वतःजवळ ठेवते, व ती नोंद डिस्कच्या नाममुद्रेनिशी व अनुक्रमांकानिशी असते. प्रणाली एसएसडीवर उतरली तेव्हा ही नोंदही तशीच उतरली. ती अर्थातच जुन्या डिस्कची होती. अपडेट झाला तेव्हा पॅकेजने मॉड्यूल्स एसएसडीवरच्या फोल्डरमध्ये नवी ठेवली आणि गाभा, नोंदीत लिहिल्याप्रमाणे, जुन्या हार्ड डिस्कच्या आरंभी नवा करून बसवला. फर्मवेअर मात्र एसएसडीपासून सुरू होत होते व तिच्या आरंभी वर्षापूर्वी नकलेबरोबर आलेला गाभा तसाच होता.

हा तर्क खरा असेल तर नवा गाभा जुन्या डिस्कवर वाट पाहत असला पाहिजे, आणि त्याची परीक्षा काहीही न लिहिता घेता येत होती. यंत्र सुरू करताना एफ१२ दाबून फर्मवेअरची यादी उघडली, एसएसडीऐवजी हार्ड डिस्क निवडली, आणि जिच्यावर कोणतीही प्रणाली नव्हती त्या डिस्कवरून संगणक नेहमीसारखा उघडला. प्रयोगशाळा सहायकांना या गोष्टीचे फार आश्चर्य वाटले, कारण त्या डिस्कवर विद्यार्थ्यांचे प्रकल्प सोडून काही नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. दुरुस्तीचा उरलेला भाग चार मिनिटांचा होता. ग्रबच्या पॅकेजची पुनर्मांडणी करण्याची आज्ञा दिल्यावर निळ्या पडद्यावर डिस्कची यादी आली. तिच्यात हार्ड डिस्कपुढच्या चौकटीत तारका होती आणि एसएसडीपुढची चौकट रिकामी होती. स्पेसबार दाबून तिथे तारका उमटवली, मान्यता दिली, आणि गाभा योग्य जागी बसला. या यादीत संपूर्ण डिस्कपुढे खूण करायची असते, तिच्यातल्या पार्टिशनपुढे नव्हे, आणि डिस्क ओळखायची ती तिच्या बनावटीवरून व क्षमतेवरून, कारण ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे प्रत्येक वेळी त्याच डिस्कला मिळतील असे नसते.

या प्रकरणात दुसरी वाट घेतली असती तर काय झाले असते, याचाही विचार करण्यासारखा आहे. पहिल्या यंत्राचा काळा पडदा पाहताच प्रणाली नव्याने टाकण्याचा प्रस्ताव आला होता, आणि तो देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. सोमवारी प्रात्यक्षिके सुरू व्हायची होती. ‘फॉरमॅट मारून देतो’ हे वाक्य दुरुस्तीच्या दुकानांत दिवसातून अनेकदा ऐकू येते व ऐकणाराही निमूटपणे मान डोलावतो. बूटलोडरच्या बिघाडात फाइली सुखरूप असतात. त्या नष्ट होतात त्या बहुतेक वेळा नंतर, घाईच्या उपचारात, आणि हे नुकसान बिघाडाच्या खात्यावर मांडले जाते, ही या व्यवसायातील सर्वांत खेदाची गोष्ट आहे.

नव्या यंत्रांत पहिल्या सेक्टरची ही व्यवस्था मागे पडून यूईएफआय या फर्मवेअरची पद्धत रूढ झाली आहे. ती इंटेलने इटॅनियम प्रोसेसरसाठी केलेल्या कामातून निघाली आणि २००५ साली अनेक कंपन्यांच्या सामाईक मंचाकडे गेली. या पद्धतीत फर्मवेअरला फाइली वाचता येतात. त्यासाठी डिस्कवर एक लहान पार्टिशन राखलेले असते व प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम आपला बूटलोडर तिथे साध्या फाइलीच्या रूपात ठेवते. कोणती फाइल आधी उघडायची याची यादी मात्र डिस्कवर नसून मदरबोर्डवरील स्थायी स्मृतीत असते. म्हणजे विभागणी येथेही आहेच, फक्त तिची जागा बदलली. विंडोजचा मोठा अपडेट किंवा फर्मवेअरचाच अपडेट झाल्यावर ही यादी कधी नव्याने लिहिली जाते, लिनक्सची नोंद खाली जाते वा नाहीशी होते, आणि वापरणाऱ्याला वाटते की विंडोजने लिनक्स पुसले; प्रत्यक्षात डिस्कवरची फाइल जागेवरच असते व यादीतला क्रम बदलला किंवा नोंद परत घातली की काम भागते. याच्या उलट प्रकारही होतो. ग्रबच्या २.०६ या २०२१ सालच्या आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधून यादीत घालण्याचे काम सुरक्षेच्या कारणास्तव मुळात बंद ठेवण्यात आले, त्यामुळे त्या अपडेटनंतर अनेकांच्या यादीतून विंडोज दिसेनासे झाले. मांडणीच्या फाइलीत एक ओळ घालून यादी पुन्हा तयार करणे एवढाच त्यावरचा उपाय होता, पण तो माहीत नसल्याने कित्येकांनी विंडोज पुन्हा टाकले असणार, असे दुरुस्तीला आलेल्या यंत्रांवरून वाटते.

डिस्कवरचे लिनक्स कोणत्याच मार्गाने उघडत नसेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून दुरुस्ती करावी लागते, आणि तेथे दोन गोष्टींकडे फार बारकाईने लक्ष द्यावे लागते. पहिली अशी की अनेक फर्मवेअर तोच पेनड्राइव्ह यादीत दोनदा दाखवतात, एकदा जुन्या पद्धतीने व एकदा यूईएफआय पद्धतीने. चुकीची नोंद निवडली तर दुरुस्ती करणारा सगळे बिनचूक करूनही चुकीच्या जातीचा बूटलोडर बसवून मोकळा होतो. सुरू झालेल्या प्रणालीत ‘सिस’ फोल्डरच्या आत फर्मवेअरखाली ‘ईएफआय’ हे फोल्डर आहे की नाही, एवढे पाहिले तरी कोणत्या पद्धतीने सुरू झालो ते कळते. दुसरी गोष्ट ‘सीएचरूट’ या आज्ञेची. डिस्कवरची प्रणाली पेनड्राइव्हच्या प्रणालीत जोडून घेऊन तिलाच तात्पुरते मूळ मानायला लावणे, असा या आज्ञेचा अर्थ आहे. नवशिक्यांना हा द्राविडी प्राणायाम वाटतो, कारण पेनड्राइव्हवरही ग्रब बसवण्याचा कार्यक्रम असतोच व तो थेट चालवता येतो. परंतु पेनड्राइव्हवरचा ग्रब एका आवृत्तीचा व डिस्कवरचा दुसऱ्या आवृत्तीचा असेल, तर थेट चालवलेली दुरुस्ती आजचा दिवस निभावते आणि पुढच्या अपडेटला पुन्हा तीच विसंगती उभी करते. डिस्कवरच्याच प्रणालीच्या हातून बूटलोडर बसवला, तरच सगळे तुकडे एका घडणीचे राहतात.

सुरक्षित बूटमुळे या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला गेला. २०१२ साली विंडोज ८बरोबर प्रचारात आलेल्या या व्यवस्थेत फर्मवेअर फक्त ओळखीची सही असलेला बूटलोडर उघडते. लिनक्सची वितरणे त्यासाठी ‘शिम’ नावाचा एक छोटा कार्यक्रम मायक्रोसॉफ्टची सही घेऊन वापरतात, व शिम पुढे ग्रबची तपासणी करतो. बूटहोलसारखा दोष सापडल्यावर प्रत्येक जुन्या फाइलीला वेगवेगळे बाद ठरवणे फर्मवेअरच्या अपुऱ्या जागेमुळे अशक्य होऊ लागले, म्हणून प्रत्येक घटकाला पिढीचा क्रमांक देण्याची ‘एसबॅट’ ही पद्धत आली. फर्मवेअरमध्ये किमान पिढी नोंदवली की तिच्या मागचे सर्व आपोआप नाकारले जाते. कल्पना सरळ व चांगली आहे. १३ ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटने ही किमान पिढी वाढवली. जोडीला लिनक्स असलेल्या यंत्रांना ती लागू होणार नाही असे सांगण्यात आले होते, परंतु सर्वच यंत्रांत ही जोडी ओळखली गेली नाही, आणि अनेकांच्या लिनक्सने सुरक्षाधोरणाचा भंग झाल्याचा संदेश देऊन यंत्र बंद केले. विंडोजच्या अपडेटने लिनक्सची एकही फाइल बदललेली नव्हती. बदलली होती ती मदरबोर्डच्या स्मृतीतली एक नोंद, त्यामुळे डिस्कवर कितीही शोध घेतला तरी काही सापडत नव्हते. यावर उपाय म्हणजे सुरक्षित बूट तात्पुरते बंद करून लिनक्स उघडणे, ‘मॉकयुटिल’ या साधनाने ती नोंद काढणे, शिम नवा घेणे व सुरक्षित बूट पुन्हा चालू करणे. यातली शेवटची पायरी बहुसंख्य लोक विसरतात, आणि यंत्र कायमचे उघडे राहते.

बूटलोडर निर्दोष असूनही दोष त्याच्या माथी येतो, अशा एका प्रकाराचाही उल्लेख करायला हवा. ‘बूट’ फोल्डरसाठी वेगळे पार्टिशन असेल तर ते अनेकदा जेमतेम अर्ध्या गिगाबाइटाचे असते. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर एक प्रारंभिक संच तयार होतो, ज्यात खरी डिस्क वाचण्यासाठी लागणारे चालक बांधून ठेवलेले असतात, आणि तो शंभर मेगाबाइटांच्या घरात सहज जातो. जुने कर्नल साठत गेले, जागा संपली, व नवा कर्नल उतरला पण त्याचा संच पूर्ण लिहिला गेला नाही, की पुढच्या वेळी कर्नल मूळ फाइलव्यवस्था जोडता येत नसल्याची हाकाटी करून थांबतो. गावाकडे अपडेट चालू असताना लाइट गेली व यूपीएस नसला, तर हाच परिणाम दुसऱ्या कारणाने होतो. ग्रबच्या यादीतील प्रगत पर्यायांत आधीचा कर्नल जवळजवळ नेहमी शाबूत असतो. तो निवडून आत जावे, अर्धवट राहिलेली पॅकेजेस पूर्ण करावीत, नको असलेले कर्नल काढावेत आणि संच पुन्हा बांधावा.

विंडोजच्या बाबतीत ‘बूटरेक’ या साधनाचे मंत्र जागोजागी सांगितले जातात व लोक ते ओळीने म्हणत जातात. यूईएफआय यंत्रावर त्यांतला पहिल्या सेक्टरचा मंत्र निरुपयोगी असतो आणि बूट सेक्टर दुरुस्त करण्याच्या आज्ञेला प्रवेश नाकारल्याचे उत्तर वारंवार मिळते. जुन्या पद्धतीच्या ड्युअल बूट, म्हणजे विंडोज व लिनक्स दोन्ही असलेल्या, यंत्रावर तोच पहिला मंत्र ग्रबचा पहिला तुकडा पुसून टाकतो. ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा विंडोजच्या फोल्डरमधूनच बूट फाइलींची नवी प्रत बूट पार्टिशनवर ठेवते व नोंदही करते, म्हणून बहुतेक वेळा तीच पुरेशी होते. फर्मवेअरच्या अपडेटनंतर विंडोज बूट डिस्क सापडत नसल्याचे सांगत असेल, तर कोणतीही आज्ञा देण्याआधी डिस्क जोडणीची पद्धत रेड वरून एएचसीआय वर किंवा उलट बदलली गेली आहे का, हे फर्मवेअरमध्ये पाहावे. उतरलेला सेलही हा बदल घडवतो.

या सर्व प्रकरणांत दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती पहिला पुरावा येतो तो पडद्यावरील संदेश, आणि तोच बहुधा कोणी जपलेला नसतो. ‘काहीतरी इंग्रजीत आले होते’ एवढेच सांगितले जाते. ‘असे पार्टिशन नाही’, ‘फाइलव्यवस्था अपरिचित’, ‘चिन्ह सापडले नाही’, ‘सुरक्षाधोरणाचा भंग’ हे चार संदेश चार वेगळ्या ठिकाणी बोट दाखवतात, व त्यांतला कोणता आला हे कळले तर निम्मे काम तिथेच होते. दुसरा पुरावा म्हणजे यंत्राचा इतिहास: डिस्क कधी बदलली, नक्कल कशी घेतली, पूर्वी कोणी काय ‘दुरुस्त’ केले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या यंत्रांत तर हा इतिहास एखाद्या जुन्या वाड्याच्या दस्तांइतका गुंतागुंतीचा असतो. तो विचारण्यात गेलेली दहा मिनिटे वाया जात नाहीत, आणि विचारताना समोरच्याला आपली चूक झाली असे वाटू न देणे हाही या कामाचाच भाग आहे, कारण घाबरलेला माणूस महत्त्वाची गोष्ट नेमकी लपवतो.

सुरक्षित बूटसाठी मायक्रोसॉफ्टने २०११ साली दिलेल्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६पासून संपत जाते, आणि २०२३ची नवी प्रमाणपत्रे अपडेटमार्फत फर्मवेअरमध्ये उतरवली जात आहेत. फर्मवेअरच्या नोंदी बदलल्या, किंवा दुरुस्तीसाठी सुरक्षित बूट बंद केले, की विंडोजचे बिटलॉकर हे कुलूप अनेक यंत्रांवर ४८ आकडी पुनर्प्राप्ती क्रमांक मागते. तो क्रमांक नसेल तर डिस्क शाबूत असते, फाइली शाबूत असतात, बूटलोडरही दुरुस्त होतो, आणि तरीही त्या फाइली कोणालाच उघडून देता येत नाहीत. या एका प्रसंगी जगातला कोणताही कुशल कारागीर काही करू शकत नाही. ज्या वाचकांच्या संगणकावर विंडोज आहे, त्यांनी बिटलॉकर चालू आहे का ते आजच पाहावे. असेल तर तो ४८ आकडी क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा, दुसऱ्याकडून एकदा ताडून पाहावा, आणि तो कागद घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावा, संगणकाच्या पिशवीत नव्हे.